पुडीतले जिवाणू

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ओटीपोटावर रेडिएशन सुरू झाले की पहिले दोन आठवडे बहुधा निभावतात. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पोट बिघडते. आधी मुरडा, मग दिवसातून पाच-सहा वेळा जुलाब, मग रात्रीही उठावे लागणे. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलून नव्या होत असतात आणि झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवरच किरणांचा मारा सर्वांत जास्त बसतो, त्यामुळे गाठीबरोबर हे अस्तरही सोलवटते. उपचाराचे वेळापत्रक मात्र थांबायला तयार नसते. आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सुमारे २५ वेळा बाहेरून किरणे, जोडीला दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध, त्यानंतर आतून द्यायचे रेडिएशन, आणि हे सारे आठ आठवड्यांच्या आत संपवायचे, कारण उपचार त्यापुढे लांबले की रोग आटोक्यात येण्याची शक्यता घटत जाते. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना हा कर्करोग झाल्याचे निदान होते. त्यांतल्या पुष्कळजणी गावाहून येतात, धर्मशाळेत किंवा नातेवाइकांच्या एका खोलीत राहतात, बस-लोकलने रोज रुग्णालय गाठतात. अशा बाईला जुलाब लागले की ती आधी जेवण कमी करते, मग पाणी कमी करते, कारण वाटेत संडास मिळेल याची खात्री नसते. अंगातले पाणी घटले, मूत्रपिंडांवरचा ताण दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन वाढले की सिस्प्लॅटिन रोखावे लागते; अशक्तपणा वाढला की रेडिएशनला खाडा पडतो. दुष्परिणाम आवरणे हा म्हणूनच मूळ उपचाराचा भाग आहे, आणि या पुस्तकाचा विषय त्या जागी उभे राहून वाचावा अशी माझी वाचकाला विनंती आहे.

जुलाब थोपवण्यासाठी जी साधने सुचवली जातात त्यांत प्रोबायोटिकची पुडी आता सर्रास दिसते. औषधाच्या दुकानात ती चिठ्ठीशिवाय मिळते. शेजारी सुचवतात, दुकानदार सुचवतो, कधी डॉक्टर लिहून देतात, आणि तिच्याबरोबर एक वाक्य हमखास येते : ‘घ्या, नुकसान तर काही नाही.’ माझा आक्षेप या वाक्याला आहे. प्रोबायोटिक निरुपद्रवी आहे असे एकदा धरून चालले की ते कोणते, किती, कधी आणि कोणी घ्यायचे हे विचारण्याची गरजच उरत नाही. मग ज्या रुग्णाला त्याचा खरोखर उपयोग झाला असता त्याला भलताच जिवाणू भलत्या मात्रेत मिळतो, आणि ज्याला त्यापासून धोका आहे त्यालाही कोणी अडवत नाही. काही ठरावीक जिवाणू, ठरावीक उपचारांच्या जोडीला, ठरावीक रुग्णांना दिले असता खरा दिलासा देतात, असा पुरावा आज आपल्याकडे आहे. तो पुरावा औषधाचा आहे. म्हणून या पुडीला औषधाचेच नियम लागू व्हावेत, तिची मात्रा मोजावी, तिची नोंद व्हावी आणि गरज नसेल तिथे ती नाकारली जावी, हे मला मांडायचे आहे.

जिवाणूंचा आणि या जुलाबांचा संबंध काय, हे आधी पाहू. निरोगी आतड्यात अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगून असतात आणि त्यांच्यावर श्लेष्माचा थर असतो. किरणांनी ही वीण उसवते, पित्तक्षार नीट शोषले जात नाहीत, आणि आतड्यातल्या उपकारक जिवाणूंची संख्याही घटते. लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम या कुळांतले काही जिवाणू आम्ल तयार करून उपद्रवी जिवाणूंना जागा मिळू देत नाहीत, पेशींमधली वीण घट्ट राखायला मदत करतात आणि दाह कमी करतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. केमोथेरपीत तर जिवाणूंचा सहभाग आणखी थेट आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर दिले जाणारे इरिनोटेकान घ्या. त्याचे काम संपले की यकृत त्याच्या विषारी रूपाला ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देते, आणि निष्प्रभ झालेले ते औषध पित्ताबरोबर आतड्यात उतरते. तिथल्या काही जिवाणूंजवळ ही जोड तोडणारे विकर असते. यकृताने बंद केलेले विष ते पुन्हा मोकळे करतात, आणि जुलाबांचा जोरदार झटका येतो. म्हणजे एकच मात्रा घेणाऱ्या दोन रुग्णांना वेगवेगळा त्रास का होतो, याचे एक उत्तर त्यांच्या आतड्यातल्या वस्तीत आहे. ही वस्ती बदलता आली तर त्रासही बदलेल, ही अपेक्षा त्यातूनच आली. अर्थात अपेक्षा कितीही रास्त असली तरी निर्णय रुग्णांवरच्या चाचण्यांनीच लागतो.

त्या चाचण्यांपैकी थायलंडमधल्या चिआंग माई इथली २०१० साली प्रसिद्ध झालेली चाचणी आपल्याला सर्वांत जवळची वाटावी, कारण तिथल्या रुग्ण बायका आणि त्यांचे उपचार आपल्याकडच्यासारखेच होते. गर्भाशयमुखाचा पुढच्या टप्प्यातला कर्करोग असलेल्या ६३ स्त्रिया, ओटीपोटावर रेडिएशन आणि सिस्प्लॅटिन. निम्म्याजणींना लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम बायफिडम यांचे मिश्रण रेडिएशनच्या एक आठवडा आधीपासून दिले, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. मध्यम ते तीव्र जुलाब दुसऱ्या गटात ४५ टक्के स्त्रियांना झाले, पहिल्या गटात ९ टक्के स्त्रियांना. त्याआधी २००७ मध्ये इटलीतून ४९० रुग्णांची चाचणी आली होती. शस्त्रक्रियेनंतर ओटीपोटावर रेडिएशन घेणाऱ्या या रुग्णांत आठ वाणांचे एक दाट मिश्रण घेणाऱ्या २४३ जणांपैकी ७७ जणांना जुलाब झाले, न घेणाऱ्या २३९ जणांपैकी १२४ जणांना. त्याच वर्षी फिनलंडमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी केमोथेरपी घेणाऱ्या १५० रुग्णांत लॅक्टोबॅसिलस ऱ्हाम्नोसस जीजी या वाणाने तीव्र जुलाबांचे प्रमाण ३७ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणले. पण मला सर्वांत बोलका वाटतो तो दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा २०१२ चा अभ्यास. तोंड-घशाच्या कर्करोगासाठी रेडिएशन आणि केमो घेणाऱ्या रुग्णांचे तोंड इतके येते की थुंकी गिळणेही नकोसे होते. तंबाखू-गुटख्याने पोखरलेल्या आपल्या समाजात या यातनेची ओळख करून देण्याची गरज नाही. या रुग्णांना लॅक्टोबॅसिलस ब्रेव्हिस सीडी-२ या वाणाच्या चघळायच्या गोळ्या दिल्या. तीव्र प्रमाणात तोंड येण्याचा त्रास ७७ टक्क्यांऐवजी ५२ टक्के रुग्णांना झाला, आणि ठरलेले उपचार पूर्ण करू शकणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेले. यातला दुसरा आकडा माझ्या दृष्टीने पहिल्यापेक्षा मोठा आहे. तोंडाची आग थोडी कमी झाली म्हणून माणूस शेवटच्या दिवसापर्यंत रेडिएशनच्या टेबलावर झोपायला येत राहिला, असा त्याचा अर्थ.

आता याच्या उलट बाजूचे पुरावे. स्पेनमध्ये २००८ साली लॅक्टोबॅसिलस केसीच्या एका वाणाचे आंबवलेले पेय स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेणाऱ्या ८५ जणींत तपासले गेले. शौचाला बांधीवपणा आला, पण जुलाबांचे प्रमाण घटले नाही. ब्रेव्हिस सीडी-२ ची तुलना इटलीत २०१९ साली साध्या सोडियम बायकार्बोनेटच्या गुळण्यांशी केली तेव्हा दोहोंत फरक आढळला नाही. असे निकाल वाचून ‘प्रोबायोटिक चालते की नाही ते एकदा नक्की सांगा’ असे वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे, पण अडचण त्या प्रश्नातच आहे. सोलापूर-मंगळवेढ्याकडचा शेतकरी ‘ज्वारी पेरू का’ एवढेच विचारत नाही. मालदांडी हा ज्वारीचा वाण रब्बीचा, खोल काळ्या ओलावा धरणाऱ्या जमिनीतला. खरिपात वाण वेगळा, पेरणी वेगळी. जिवाणूंतही कूळ आणि जात सारखी असून वाणावाणांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ई. कोलाय या एकाच जातीतला ओ-१५७ हा वाण रक्ताचे जुलाब लावतो आणि मूत्रपिंडे निकामी करू शकतो. त्याच जातीतला निस्ल-१९१७ हा वाण पहिल्या महायुद्धातल्या एका सैनिकाच्या विष्ठेतून वेगळा केला गेला आणि जर्मनीत आजवर प्रोबायोटिक म्हणून विकला जातो. त्या निस्लमध्येही डीएनएला इजा करणारे एक द्रव्य तयार करण्याची क्षमता आहे हे पुढे लक्षात आले, आणि कर्करोगाच्या संदर्भात ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. तेव्हा चिआंग माईचा निकाल त्या दोन जिवाणूंच्या त्या मात्रेचा आहे. खोक्यावर ‘प्रोबायोटिक’ लिहिलेल्या दुसऱ्या कोणत्याही पुडीला तो उसना घेता येत नाही.

खोक्यावरचे नावही नेहमी विश्वासाचे नसते. इटलीतल्या त्या मोठ्या चाचणीत वापरलेले आठ वाणांचे मिश्रण व्हीएसएल-३ या नावाने ओळखले जाई. २०१६ मध्ये मूळ संशोधकाची कृती आणि हे बाजारनाव यांची फारकत झाली, जुन्याच नावाखाली वेगळे मिश्रण विकले जाऊ लागले आणि त्यावरून अमेरिकेत न्यायालयीन लढाई झाली. २००७ चा शोधनिबंध वाचून आज तेच नाव मागणाऱ्या रुग्णाला त्या निबंधातले औषध मिळेलच असे नाही. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांत वेष्टनावर कूळ, जात आणि वाण, तसेच मुदत संपेपर्यंत किती जिवंत जिवाणू राहतील ती संख्या असावी असे सांगितले आहे. पुडी घेताना मुदतीच्या तारखेइतकेच लक्ष या ओळीकडे जायला हवे. जिवंतपणाचा मुद्दा तर विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात विशेष महत्त्वाचा. थंड जागी ठेवायची पुडी पत्र्याच्या छपराखाली, ४५ अंशांच्या दुपारी आठवडाभर पडून राहिली तर तिच्यात मेलेल्या जिवाणूंची पूड उरते.

माझ्या या मांडणीवर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप पुराव्याच्या दर्जाबद्दल आहे. कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या समीक्षेत १२ चाचण्या आणि १,५५४ रुग्णांचा विचार झाला, आणि फायद्याची शक्यता दिसली तरी पुराव्याची खात्री कमी किंवा फारच कमी आहे असा शेरा मिळाला. चाचण्या लहान, काहींत कोणाला काय दिले हे झाकलेले नाही, मोजमापे वेगवेगळी. हा शेरा मला मान्य आहे. त्यातून काढला जाणारा ‘मग सोडून द्या’ हा निष्कर्ष मात्र मान्य नाही. वेगवेगळे वाण, वेगवेगळे कर्करोग, रेडिएशन आणि केमो एकाच टोपलीत घातल्यावर सरासरी धूसर येणारच. सगळी अँटिबायोटिक्स आणि सगळे ताप एकत्र मोजले तरी असेच होईल. शिवाय पुरावा कच्चा राहण्यामागे हा पदार्थ अन्नपूरक म्हणून विकता येतो हेही एक कारण आहे. विक्रीसाठी कडक चाचणीची अटच नसेल तर हजार रुग्णांच्या चाचणीवर खर्च कोण करणार? कर्करोगातल्या आधारोपचारांची आंतरराष्ट्रीय संघटना असलेल्या मॅस्कने आपल्या मार्गदर्शक सूत्रांत ओटीपोटावर रेडिएशन घेणाऱ्यांसाठी लॅक्टोबॅसिलस असलेली प्रोबायोटिक्स सुचवली आहेत. आग्रहाची शिफारस केलेली नाही, सुचवली आहेत. पुराव्याची आजची पायरी पाहता हा शब्द मला नेमका वाटतो.

दुसरा आक्षेप घरातून येतो : आपण पिढ्यान् पिढ्या दही, ताक, आंबील खातो, मग पुडीचे एवढे काय? दही उत्तम अन्न आहे, आणि तोंडाला चव नसलेल्या रुग्णाच्या पोटात ताकभात जातो ही लहान गोष्ट नाही. पण २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी ठरवलेल्या व्याख्येत प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा प्रमाणात दिल्यास आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. घरच्या विरजणात कोणते जिवाणू आहेत, किती आहेत, हे घराघरांत आणि ऋतूऋतूंत बदलते. त्यातले पुष्कळसे जठराच्या आम्लात टिकतही नाहीत. दह्याने जुलाब थांबतील अशी हमी म्हणून देता येत नाही. उलट, रेडिएशनने सोलवटलेल्या आतड्याला काही काळ दुधातली साखर पचत नाही, तेव्हा वाटीभर दुधाने पोट अधिक बिघडू शकते. ते दिसले तर दूध थांबवावे, आणि ताक सोसते का ते थोडे देऊन पाहावे.

सुरक्षिततेचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण त्यावर थोडे थांबावे लागेल. ज्याच्या पांढऱ्या पेशी केमोने तळाला गेल्या आहेत, ज्याच्या आतड्याची भिंत झिरपते आहे, छातीत मोठ्या शिरेत नळी बसवलेली आहे, अशा माणसाला अब्जावधी जिवंत जिवाणू गिळायला द्यायचे, हे ऐकूनच कोणीही दचकावे. रक्तात लॅक्टोबॅसिलस शिरून जंतुसंसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. त्या विरळ आहेत, पण काल्पनिक नाहीत. सॅकॅरोमायसेस बूलार्डी हे यीस्ट आपल्याकडे जुलाबांवर भरपूर दिले जाते. त्याची पुडी उघडताना उडालेली पूड हाताला लागून, हवेतून नळीपर्यंत पोचून रक्तात बुरशीचा संसर्ग झाल्याच्या घटनांनंतर युरोपीय औषध नियामकाने २०१७ मध्ये अत्यवस्थ आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना ते देऊ नये असे बजावले. नेदरलँड्समधल्या एका चाचणीचा धडा तर याहून कठोर आहे. तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक दिल्यास संसर्ग टळेल अशा आशेने केलेल्या या चाचणीचे निकाल २००८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. प्रोबायोटिक घेणाऱ्यांपैकी १६ टक्के रुग्ण दगावले, न घेणाऱ्यांपैकी ६ टक्के. तो आजार वेगळा होता, जिवाणू नळीने थेट लहान आतड्यात सोडले होते, हे खरे. तरीही ‘नुकसान तर काही नाही’ या वाक्याला दुसरे उत्तर शोधण्याची गरज मला वाटत नाही. मग चिआंग माईच्या बायकांना ते का चालले? कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी ल्युकेमियाच्या किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णासारख्या शून्याकडे गेलेल्या नव्हत्या. ओटीपोटावर रेडिएशन घेणारी, तोंडाने जेवणारी, रक्ततपासणी ठीक असलेली बाई आणि वेगळ्या खोलीत ठेवलेला प्रत्यारोपणाचा रुग्ण यांना एकच सल्ला देता येत नाही. पहिलीला पुडी विचारपूर्वक देता येते. दुसऱ्याच्या खोलीत ती उघडूही नये.

गेल्या काही वर्षांत यात इम्युनोथेरपीची भर पडली आहे, आणि तिने चित्र अधिक गुंतागुंतीचे केले. अमेरिकेत मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात तंतुमय आहार पुरेसा घेणाऱ्यांत रोग अधिक काळ रोखलेला दिसला. सर्वांत चांगले परिणाम तंतू भरपूर खाणाऱ्या पण प्रोबायोटिक न घेणाऱ्यांचे होते, आणि उंदरांत तर बाजारातल्या प्रोबायोटिकने इम्युनोथेरपीचा परिणाम घटवला. दुसरीकडे २०२२ मध्ये मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या सुमारे ३० रुग्णांत क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकमच्या सीबीएम-५८८ या वाणाने इम्युनोथेरपीला हातभार लावल्याचे दिसले. रोग पुन्हा न वाढता गेलेला काळ अडीच महिन्यांऐवजी पावणेतेरा महिन्यांच्या जवळ गेला. चाचणी लहान आहे, तिच्यावर फार बांधकाम करू नये. पण दोन्ही निकाल शेजारी ठेवले की मालदांडीचीच गोष्ट पुन्हा समोर येते. अँटिबायोटिक्सनंतर ‘पोट सावरायला’ म्हणून पुडी घेण्याची जी पद्धत आहे तिच्याबद्दलही इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१८ मध्ये शंका उभी केली : अँटिबायोटिक्स घेतलेल्या निरोगी माणसांत प्रोबायोटिकमुळे आतड्यातले मूळचे जिवाणू परतायला उलट उशीर झाला. इम्युनोथेरपी चालू असलेल्या रुग्णाने स्वतःच्या मनाने कोणतेही प्रोबायोटिक घेऊ नये, हे आजच्या माहितीवर निःशंकपणे सांगता येते.

आणखी एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. पुडी हा चांगल्या रेडिएशनचा पर्याय नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन घेणाऱ्या ३०० स्त्रियांवर केलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत किरणांचा मारा अधिक नेमका करणाऱ्या तंत्राने तीन वर्षांपर्यंत उद्भवणारा आतड्याचा लक्षणीय त्रास सुमारे ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आणला. महाराष्ट्रातल्या बायकांसाठी हा आकडा कोणत्याही जिवाणूच्या आकड्याइतकाच मोलाचा आहे, आणि असे तंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी पोचणे ही प्रोबायोटिकपेक्षा मोठी मागणी आहे. जुलाब लागल्यावर क्षारसंजीवनी, लोपेरामाइड, वेळेवर रक्ततपासणी आणि गरज पडली तर सलाईन यांची जागाही पुडी घेऊ शकत नाही. तिची जागा त्यांच्या शेजारी, आणि तीही जुलाब लागण्याच्या आधी आहे.

पुढची प्रकरणे वाचताना वाचकाने प्रत्येक दाव्याला चार प्रश्न विचारत जावेत : वाण कोणता, उपचार कोणता, रुग्णाची प्रतिकारशक्ती कशी, आणि सुरुवात कधी केली. ज्यांच्या घरात आत्ताच कोणाचे उपचार सुरू व्हायचे आहेत त्यांना एक विनंती. प्रोबायोटिक घ्यायचा विचार असेल तर रेडिएशनच्या किंवा केमोच्या पहिल्या तारखेआधी त्याचे खोके घेऊन डॉक्टरांकडे जा, वाणाच्या नावाची ओळ त्यांना दाखवा आणि त्यांचा होकार किंवा नकार रुग्णाच्या फायलीत लिहून घ्या. आधीच घेत असाल तर तेही लपवू नका. औषधांच्या यादीत ही पुडी लिहिलेली असली की पांढऱ्या पेशी खाली आल्याच्या दिवशी ती थांबवायची आठवण कोणाला तरी राहील.